लालकान्या आणि पाचव्या मजल्यावरची वाइन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला लालकान्या म्हणत. कुणाच्या निरोपाच्या पार्टीत त्यानं ग्लास तोंडाला लावला की आधी कान लाल होत, मग मान, आणि ग्लास अर्धा व्हायच्या आत स्वारी खुर्चीत पेंगायला लागे. बाकीचे बाटल्या रिचवून सरळ चालत घरी जात आणि हा नुसत्या वासानं झिंगतो म्हणून त्याची टर उडवत. तोही हसे.

बिअर त्याला कडू लागे, व्हिस्कीनं घसा जळे. पण जेवणानंतर घेतात ती गोड, दाट पोर्ट वाइन म्हणजे त्याचा जीव की प्राण. भिजलेल्या मनुकांसारखी, करपायच्या बेतात आलेल्या साखरेसारखी, शेवटी अक्रोडाच्या सालीसारखी जराशी तुरट. सुट्टीच्या दिवशी दुपारी बायको औषधाच्या मापाएवढ्या ग्लासात ती ओतून देई आणि तो तासभर पुरवून पुरवून पिई. दुसरा ग्लास ती देत नसे. एकदा मेहुण्यानं आग्रहानं दुसरा पाजला होता. सगळी संध्याकाळ हा मेहुण्याशी हसला, बोलला, आणि सकाळी त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना. पाटी कोरी. बायकोनं सगळं सांगितलं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकतोय असं त्याला वाटलं. तेव्हापासून कामाच्या दिवशी थेंबही नाही, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं.

एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहत, सगळे त्यांना गाणेबाई म्हणत. गाण्याच्या शिकवण्या करून त्यांचा जन्म गेला होता. गुडघे गेलेले, नवरा गेलेला, मागं राहिलेल्या त्याच्या कपाटभर जुन्या वाइन. इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि बाई घरात कोंडल्यासारख्या झाल्या. लालकान्यानं येऊन गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत ब्रेक उघडला, त्याचे झिजलेले पट्टे बदलले. फक्त ब्रेक दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचे नट आवळायचे राहिले होते, तेवढ्यात बाईंनी जेवायला हाक मारली. जेवण झाल्यावर त्यांनी काळपट लाल बाटली काढली. तो नको म्हणाला. कामावर आहे म्हणाला.

"अरे, सरबतासारखी गोड आहे," बाई म्हणाल्या. "त्यानं काय होतंय?"

वास नाकात शिरला आणि ठरवलेलं सगळं विरघळलं. इतकी सुंदर वाइन त्यानं आयुष्यात चाखली नव्हती. बाई जुन्या मैफिलींच्या गोष्टी सांगत होत्या, खिडकीतून ऊन येत होतं, कान गरम झाले होते. बाईंनी ग्लास पुन्हा भरला तेव्हा त्यानं हात आडवा धरला नाही.

संध्याकाळी तो घरी पलंगावर जागा झाला. बायकोनं विचारलं, लिफ्ट सुरू झाली का? तो हो म्हणाला आणि तिथंच थबकला. गच्चीवरच्या मोटरच्या खोलीचा जिना चढलेला त्याला आठवत होता. जिना उतरलेलाही आठवत होता. मधलं काही नव्हतं. नट आवळले असतील. हाताला सवय आहे, हातानं आवळलेच असतील. चहा त्यानं अर्धाच टाकला. हत्यारांची पिशवी उचलून तो निघाला तेव्हा बायकोनं त्याच्या कानांकडे पाहिलं.

लोक कामावरून परतायची वेळ होती. इमारतीत शिरताच लिफ्टची घरघर ऐकू आली. वर, खाली, पुन्हा वर. ब्रेकनं पकड सोडली तर लिफ्ट खाली पडत नाही, हे त्याला माहीत होतं. आत एकटंदुकटं माणूस असलं तर दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन भारी पडतं आणि लिफ्ट थेट वर, छताकडे धावते. धापा टाकत तो जिन्यानं गच्चीवर पोचला आणि आधी मेन स्विच पाडला. खाली, मधेच अडकलेल्या लिफ्टच्या दारावर कुणीतरी आतून थापा मारू लागलं.

मग त्यानं बॅटरीचा झोत टाकला. पहिला नट बसवलेला होता. त्याला जखडून ठेवणारा दुसरा नट नुसता बोटानं फिरवून सोडलेला. दुपारपासूनच्या थरथरीनं दोन्ही मागं सरकत आले होते आणि स्प्रिंग ढिली पडली होती. ब्रेक अजून धरत होता, पण आणखी किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. घाईत पाना दोनदा घसरला. नट आवळले, पुन्हा तपासले, मग मोटरचं हातचाक फिरवत त्यानं लिफ्ट हळूहळू मजल्याला आणली.

जिन्यानं खाली येऊन दार उघडलं तर आत एकट्या गाणेबाई. कितीतरी दिवसांनी त्या खाली फिरायला गेल्या होत्या.

"तू आहेस होय," त्या म्हणाल्या. "काय हा घाम. चल वर, घोटभर घे."



दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना सगळं सांगून टाकलं. नोकरी जाईल अशी तयारी ठेवूनच तो गेला होता. साहेबांनी विचारलं, कुणाला लागलं का? नाही ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी त्याला दुसऱ्या भागातल्या इमारती दिल्या आणि बाईंच्या इमारतीवर एक जाडजूड मिस्त्री धाडला.

सुट्टीच्या दिवशी बायकोनं लहानसा ग्लास पुढं ठेवला. चव तशीच, तितकीच गोड लागली, आणि त्याला त्या गोडीचीच भीती वाटली.

पुढच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तो मिस्त्री सांगत होता, पाचव्या मजल्यावरची म्हातारी म्हणजे देवमाणूस, ग्लास काठोकाठ भरून देते. लालकान्यानं विचारलं, घेतोस तू? तो हसला. मला काय होतंय, तुझ्यासारखा थोडाच आहे मी.

त्याच दुपारी मिस्त्रीला तिथं लिफ्टच्या दर महिन्याच्या तपासणीला जायचं होतं. लालकान्या आपलं काम टाकून तिथं पोचला. बाईंच्या दारातून मिस्त्री तोंड पुसत बाहेर पडत होता. कान लाल नव्हते. कानांवरून काही कळायची सोयच नव्हती.

"चल," लालकान्या म्हणाला, "मीही वर येतो."

मिस्त्रीनं शिवी हासडली, पण लालकान्या त्याच्या मागोमाग गच्चीवर गेला. त्याचं काम होईपर्यंत उभा राहिला आणि मग एकेक नट स्वतःच्या हातानं पुन्हा आवळून पाहिला. सगळे घट्ट होते. निदान त्या महिन्यापुरते.