चार बोटं उंच टेबल

आकाराम शिंदे पलटणीतून हवालदार म्हणून घरी आले, तेव्हा गावाने त्यांना परस्पर सुभेदार करून टाकलं. बढती देताना गावाच्या खिशातून काही जात नाही. वाईच्या खाली कृष्णाकाठी त्यांचा ऊस आहे. ऊस धाकटा भाऊ बघतो. आकाराम घरामागच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये रंधा मारत असतात आणि ट्रॅक्टर बाहेर पावसात भिजत असतो.

त्यांच्या बायकोचे, लीलाबाईंचे, गुडघे आधीच गेले होते. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयही दमल्याचं सांगितलं. वर बजावलं, की यांना उभं राहू देऊ नका, जेवण तरी बसून, सावकाश होऊ द्या. तेव्हा कुठे आकारामांच्या लक्षात आलं, की बायको जेवते कुठे हेच आपल्याला ठाऊक नाही. नोकरीत असताना सुट्टीवर आले, की सोप्यात पाहुण्यांची पंगत आणि लीलाबाईंच्या हातात वाढणं. नोकरी संपल्यावर ते टीव्हीसमोर आणि लीलाबाई नंतर कधीतरी. खाली बसता येईना झाल्यापासून त्या ओट्याशी उभ्यानेच दोन घास खात होत्या, आणि घरात हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांत आकाराम नव्हते.

त्यांनी ठरवलं, टेबल करायचं. दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं.

पुण्याच्या लेकीने, अंकिताने, मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेत शेकर नावाचा एक धर्मपंथ होता, त्यांच्या धाटणीचं टेबल. नक्षी नाही, खिळा नाही. चार सरळ पाय, आतल्या अंगाने खाली निमुळते होत गेलेले. ही मंडळी लग्न करत नसत, त्यामुळे सुतारकामाला वेळ भरपूर मिळत असावा. जेवायला पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या बसत, गप्प. म्हणजे आकारामांच्या घराहून फार निराळं नव्हतं. पण आकारामांनी फक्त पाय बघितले आणि म्हणाले, "परेडला उभं राहिल्यागत हायती."

परड्यातला फणस वादळात पडला होता. त्याच्या फळ्या चिरून शेडमध्ये थप्पीला लावल्या, मधे पट्ट्या घालून, वारं खेळेल अशा. लाकूड पुरतं वाळल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा.

"आवं, वाईत तयार मिळतंय की," लीलाबाई म्हणाल्या.

"त्यो भुसा असतोय, कागद चिकटवल्याला. लाकूड वाळू दे."

"मीच वाळाय लागले. तुमचं लाकूड काय वाळंना."

शेजारचे लालासाहेब तंबाखू मळत रोज चौकशीला येत. "सुभेदार, देव्हारा करतुयास का रं?"

"टेबल. हिला जेवाय."

"बायकोला टेबल? गड्या, उद्या आमच्या घरात कळलं म्हंजी मला पलंग करावा लागंल."

एक पावसाळा गेला, उन्हाळा गेला. मग आकारामांनी पटाशीने पायांना चौकोनी भोकं पाडली, आडव्या फळ्यांची टोकं त्यांत ठोकून बसवली, पाय निमुळते तासले, वर पिवळाधमक फळा चढवला. उंची पलटणीच्या मेसमधल्या टेबलाची धरली. ती त्यांच्या हाताला पाठ होती.

स्वयंपाकघरात टेबल मांडून दोन ताटं वाढली. लीलाबाई पदर सावरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. त्या ठेंगण्या, त्यात पाठीला पोक. फळा थेट छातीशी आला. हात ताटात घालायचा तर खांदा कानापर्यंत न्यावा लागत होता. त्यांनी एक घास घेऊन बघितला आणि हसू लागल्या. हसताना दम लागला.

"शाळंत मोठ्या पोरांच्या बाकावर बसवल्यागत वाटतंय."

"असं कसं झालं?" आकाराम टेबलाकडे बघत म्हणाले.

"कसं म्हंजी? तुमी मला बसून जेवताना कवा बघितलंय?"

यात तक्रार नव्हती. तेवढं बोलून त्या ताट उचलून ओट्याशी गेल्या आणि सवयीने उभ्याने जेवल्या. जाण्याआधी आकारामांनी त्यांना क्षणभर थांबवलं होतं आणि त्यांचं कोपर जिथे येतं तिथे टेबलाच्या पायावर पेन्सिलीने खूण केली होती. फळ्यापासून चार बोटं खाली.

"कापा की खालनं तेवढं," त्या म्हणाल्या.

"पाय बुटकं दिसतील. निमुळतं सगळं खालच्या टोकालाच हाय. ऱ्हावू दे, नवीन चार पाय करतो."

"मला पायाशी काय करायचंय? मला काय पाय खायचं हायती?"

पण आकाराम शेडमध्ये गेले. उरलेलं लाकूड बुंध्याचं, जाड, आतून अजून ओलसर होतं. ते वाळवायला ठेवलं.

त्याच आठवड्यात लीलाबाई सकाळी उठल्या नाहीत.

टेबल सोप्यात आणलं गेलं. तेराव्यापर्यंत त्यावर फोटो, समई आणि हार. फोटोला उंची अगदी योग्य होती. भेटायला येणारे हात जोडायचे आणि मग टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायचे. लालासाहेबांनी तंबाखू न मळता बराच वेळ बसून काढला आणि उठताना म्हणाले, "गड्या, टेबल लय झ्याक झालंय."

तेरावं झालं. आकारामांनी फोटो भिंतीला लावला, टेबल शेडमध्ये नेऊन उलटं केलं, आणि चारी पाय खालून चार-चार बोटं कापले. चांगले बुटके दिसू लागले. शेकर मंडळींनी ते ओळखलं नसतं.

दुपारी अंकिताने त्याच टेबलावर त्यांना ताट वाढलं. त्यांचे गुडघे फळ्याखाली मावेनात. शेवटी खुर्ची तिरकी करून, अंग मुरडून ते जेवायला बसले.

"आप्पा, पायांखाली ठोकळे लावा की. अजून चार बोटं पाहिजे होती."

समोरची खुर्ची रिकामी होती. आकारामांनी तिच्याकडे, मग फळ्याच्या कडेकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "उंची आता बरोबर हाय."