स्टिअरिंगकाकांनी लावलेली जाग

स्टिअरिंगकाका प्रत्येक पाटी दोनदा वाचत. एकदा वाचायची, मान वळवून भलतीकडे बघायचं आणि पुन्हा वाचायची. डॉक्टरांच्या वेळा, वाण्याची 'उधार मागू नये', शेजाऱ्यांची 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल', कुठलीही असो. या नादात स्वारगेटला त्यांची बस किती वेळा सुटली असेल देव जाणे. नवख्याला वाटायचं, म्हातारा विसरभोळा आहे. पण काकांचं शास्त्र वेगळंच होतं. स्वप्नातली पाटी दुसऱ्यांदा वाचली की बदलते, असं ते सांगत. दिवसा सवय लावून घेतली की झोपेतही मान आपोआप वळते, आणि पाटी बदललेली दिसली की आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळतं.

काकांनी उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं होतं. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. निवृत्त झाले तरी तो पाय काही निवृत्त झाला नाही. रिक्षात मागे बसूनही ते ब्रेक दाबत आणि उतरताना रिक्षावाल्याला क्लचबद्दल चार शब्द सुनावत. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. बिबवेवाडीतल्या त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, माझ्या गावाच्या नावानेच मारली. "काय अमरावती, पोचली होतीस का हिंजवडीला ऑफिसात, की रस्त्यातच पगार झाला?" असं ते संध्याकाळी विचारत. मला ताप आला की गुरगुट्या भात वर आणून देत आणि बरी होईपर्यंत टोमणे बंद ठेवत. मला ते फार आवडायचे. हे आधीच सांगून टाकते, नंतर सांगायला जड जाईल.

मी तिथे राहत असतानाच माझी आई गेली. शेवटी शेवटी तिच्या तोंडात नळी होती. मी अमरावतीला पोचले तेव्हा माझा हात घट्ट धरून ती डोळ्यांनी काहीतरी सांगू बघत होती. मी पाणी विचारलं, बाबांना बोलावू का विचारलं, देवाचं नाव घेतलं. प्रत्येक वेळी तिने मान हलवून नाही म्हटलं. काय सांगायचं होतं ते कळायच्या आत ती गेली. पुण्याला परत आले आणि ती रोज स्वप्नात यायला लागली. ओट्याशी पाठमोरी उभी, कढईत काहीतरी परतत असलेली. मी तिला ऑफिसच्या कागाळ्या सांगायचे, ती हुं हुं करायची. ती गेली आहे हे तिथे मला आठवायचंच नाही. सकाळी उठले की कपाळावर हात मारून घ्यायचे. एवढी समोर होती, विचारलं का नाही?

एकदा चहा पिताना काकांना हे बोलले. काका म्हणाले, "मग विचार की. त्यात काय?"

स्वप्नात जाग येणं ही एक गोष्ट आणि स्वप्नावर ताबा येणं ही दुसरी, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावून सांगितलं. "जाग म्हणजे हेडलाइट, ताबा म्हणजे स्टिअरिंग. हेडलाइट लावला म्हणून गाडी वळत नाही. पण रस्ता दिसल्याशिवाय वळवणार कशी? आधी जाग आण. ताबा मी शिकवतो." मग अगदी सहज म्हणाले, "मी तुझ्या काकूंशी रोज बोलतो."

आणि त्या दिवसापासून ते काकूंचं बोलणं मला ऐकवू लागले. काल म्हणाली, गोळ्या घेतल्यात की नुसत्या मोजल्यात? परवा म्हणाली, पडदे धुवायला टाका, पाहुणे काय म्हणतील. इतकं खरं, इतकं घरातलं बोलणं, की शंका घ्यायला जागाच नव्हती. काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या मला ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या.

मी झपाटल्यासारखी पाट्या वाचायला लागले. कंपनीच्या बसमध्ये मुली हसायच्या. हसू देत म्हटलं. आणि एका पहाटे खरंच जमलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिना वाचला, आईकडे बघितलं, पुन्हा वाचला तर भलताच महिना. हे स्वप्न आहे, आई गेलेली आहे, हे मला लख्ख कळलं. मी म्हटलं, "आई, काय सांगायचं होतं गं तुला?" ती परततच राहिली. खांद्याला हात लावायला गेले तर ओटा लांब लांब जायला लागला.

काका खूश झाले. हेडलाइट लागला म्हणाले, आता स्टिअरिंग. मग पुढे कित्येक महिने मी ती जाग घेऊन आईच्या पाठीमागे उभी राहिले. काका कधी सांगत, सैल धर. कधी सांगत, घाई करतेस. एकदा म्हणाले, "तुझी ओढ कमी पडतेय, अमरावती." ते मला फार लागलं. आईवरचं माझं प्रेमच कमी आहे, असं मी खरंच मानून बसले.

मग काकांनी कोल्हापूरला मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. आवराआवरीला मी मदत करत होते. खोक्याला चिकटपट्टी लावता लावता मी म्हटलं, "काका, जायच्या आधी एकदा नीट सांगा. जाग आल्यावर तुम्ही नेमकं काय करता, म्हणजे काकू बोलतात?"

काका बराच वेळ हातातली बरणी पुसत राहिले.

"नाही बोलत," ते म्हणाले. "येते. जाग नव्हती तेव्हा बोलायचीही. आता मला कळतं की हे स्वप्न आहे. मी हाका मारतो, ती ऐकत नाही. ताबा मला कधी आलाच नाही."

"मग ते पडदे? त्या गोळ्या?"

"तिचं बोलणं मला पाठ आहे गं. तुला सांगताना ती बोलतेय असं वाटायचं. तू ऐकायचीस मन लावून."

माझ्या आईचं शेवटचं बोलणं पणाला लागलं होतं, आणि या माणसाला चहाबरोबर श्रोता हवा होता! ओढ कमी पडते म्हणे. उरलेली खोकी मी बांधली, टेम्पो आला, आणि काकांना वाकून नमस्कार न करताच मी वर निघून गेले.

आई अजून येते. पण पूर्वी स्वप्नात ती निदान जिवंत असायची. मी तिला कागाळ्या सांगायचे, ती हुंकार द्यायची. आता ती दिसल्याबरोबर मला कळतं. पाटी लागत नाही, कॅलेंडर लागत नाही. मग मी गप्प उभी राहते, कारण गेलेल्या माणसाला ऑफिसचं काय सांगायचं?

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. तब्येतीचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "काका, ही जाग घालवायची कशी तेवढं सांगा."

"ते मला येत असतं," काका म्हणाले, "तर मी सकाळी उठून तुझ्याशी खोटं कशाला बोललो असतो?"