चावी गणपतीपाशी, बॅटरी खलास

मंडळी, आज सकाळी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राजगुरुनगरला न्यायचं होतं. नऊची वेळ होती आणि दारातली गाडी साधी उघडेना.

मी कंपनीच्या बसने जातो-येतो, त्यामुळे गाडी तीन आठवडे उभीच होती. गाड्यांच्याच कंपनीत काम करतो राव, तरी नुसता रिमोट दाबत बसलो.

तेवढ्यात शेजारच्या सुनीतावहिनी आल्या. त्या चाकणला कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करतात. त्यांनी रिमोटच्या पोटातून छोटी चावी काढली, दार उघडलं आणि त्यांच्या पिकअपच्या बॅटरीला केबल जोडून पाच मिनिटांत गाडी चालू केली. मग विचारलं, "भाऊजी, ही रिमोटची चावी कुठं ठेवता?"

"दाराशी, गणपतीच्या फोटोखाली. दसऱ्याला पूजा केली तेव्हापासून तिथंच."

"तिथंच चुकतंय. भिंतीपलीकडं गाडी हाय, चावीचा सिग्नल तिला सारखा मिळतोय. चावी जवळ दिसली की तिला वाटतं, मालक आता येतोय. मग ती झोपतच न्हाई, बॅटरी खात बसती."

इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आमच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा नाही. मानलं वहिनींना.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मंग माझ्यावानीच हाय की ती. ह्यो सेकंड शिफ्टवरनं येईस्तवर मला तरी कुठं झोप लागती?"

ऑपरेशन वेळेत झालं. चावी आता आतल्या खोलीत कपाटात ठेवलीय.

आईचं काय करायचं, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.