कोकिळाबाईंची सीतादही

नेरजवळच्या त्या गावात कोकिळाबाई कोणाचं ऐकत नसत. नवऱ्याचं, पुंडलिकरावांचं, तर मुळीच नाही. छातीतल्या गाठीसाठी सहा केमो ठरले होते, पण तिसऱ्यालाच त्यांनी हात टेकले. यवतमाळच्या दवाखान्यात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाल्या. त्यांना परत आणलं ते सीतादहीच्या कबुलीने. कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी घरच्या बाईने झाडाखाली खडे पुजायचे, दहीभात शिंपायचा आणि पहिली बोंडं वेचायची. एकतीस वर्षं तो मान त्यांचा. तुझे केमो संपल्याशिवाय वेचणी लावत नाही, असं पुंडलिकरावांनी चार नातेवाइकांदेखत सांगितलं होतं. हा माणूस शब्दाचा पक्का, अशी बाईंची भाबडी समजूत.

दवाखान्यात सलाईन चालू असताना दुखणं विसरावं म्हणून पेशंटच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवत. त्यात समुद्र दिसे, बर्फाचे डोंगर दिसत. समुद्र पाहून बाईंना उलटीच आली. मग बेबीताई सिस्टरने त्यांच्या मुलाला, ऋतिकला, चहूबाजूंचं एकदम टिपणारा एक गोल कॅमेरा दिला आणि घरचं शेतच भरून आणायला सांगितलं.

पाचव्या केमोला चष्म्यात आपली फुटलेली कपाशी दिसली आणि बाई सुई विसरल्या. बोंडाला हात लावायला गेल्या, तशी शेजारची पेशंट हसली. बाईही हसल्या. मग सवयीने धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, बघायला त्यांनी मान मागे वळवली.

ऋतिक बिचारा मोबाईलवर शूटिंग करणारा. कॅमेऱ्याचं तोंड कपाशीकडे केलं की मागचं काही येत नाही, असं त्याने गृहीत धरलं होतं. मागे सून दिपाली खड्यांवर कुंकू वाहत होती. शेजारी पुंडलिकराव दह्याची वाटी धरून उभे होते.

बाईंनी चष्मा काढला. समोर स्टुलावर पुंडलिकराव संत्रं सोलत बसले होते.

"सीतादही कधी केली?"

ते गडबडले. कापूस गळत होता, मजूर मिळत नव्हते, असं काहीबाही सांगत राहिले. शेवटी खरं निघालं.

"लोकं म्हने, बिमार बाईचा हात पयल्या कापसाले नोको."

"अन् तुमी काय म्हनलं?"

पुंडलिकरावांनी संत्र्याची फोड पुढे केली.

कोकिळाबाईंना रोगाचासुद्धा इतका राग आला नव्हता. रोगाने त्यांना कधी शब्द दिला नव्हता. बेबीताई चष्मा पुन्हा चढवायला आली, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातात परत दिला.

"दुसऱ्या कोनाले द्या. मले दुखलं तं दुखू द्या." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "सहाव्याले तुमी येऊ नोका. मी यष्टीनं येईन."