काकूंच्या दुकानात 'ठीक आहे' चालत नाही

कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात दोन गोष्टींना बंदी आहे. एक, ओले कपडे. दुसरी, 'ठीक आहे' हे उत्तर. कसं काय म्हणून विचारल्यावर कुणी 'ठीक' म्हटलं, की काकू त्याचा सदरा गठ्ठ्याच्या तळाशी ढकलतात. खरं उत्तर येईपर्यंत तो वर येत नाही. गुडघा दुखतोय, सुनेशी वाजलं, स्वप्नात पुन्हा तो पूल आला, काहीही चालतं. फक्त खरं हवं.

या बंदीमागे काकूंचे यजमान आहेत. फौजेतून ते धडधाकट परतले असं सगळे म्हणत, कारण हातपाय जागच्या जागी होते. झोप लागली का? ठीक. जेवण? ठीक. असं ठीक ठीक करत एक दिवस त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. नातेवाइकांनी लगोलग बैठक घेऊन हृदयविकार ठरवून टाकला. भेटायला येणाऱ्यांना काकू मात्र सरळ सांगत, "हृदय चांगलं होतं त्यांचं. लढाई त्यांच्याबरोबर घरी आली होती, आम्ही तिला ओळखलं नाही." दीर कळवळून म्हणाले, घराण्याच्या अब्रूचा तरी विचार करा. त्यावर काकू म्हणाल्या, "भावोजी, अब्रू टाका इकडे. चुरगळली असेल तर इस्त्री करून देते."

तेव्हापासून दुकानाबाहेर बाक आहे आणि बाकावर निवृत्त फौजी. इस्त्री हे निमित्त. काहींचे सदरे तर इतक्यांदा इस्त्री झालेत, की माणूस आत नसला तरी ताठ उभे राहतील. जो आला नाही त्याच्या घरी बाक जातो, आणि हाकलून दिलं तरी चहा पिऊनच परततो.

यातल्या एकांना सगळे बिनतारी म्हणत, कारण ते फौजेच्या संदेश पथकातले. जन्मभर इतरांचे निरोप पोचवले, स्वतःचा एकही नाही. तोंड उघडत ते फक्त बाहीच्या घडीवरून. घडी जरा सरकली, की शत्रूने सीमा ओलांडल्यासारखे काकूंशी भांडत.

गेल्या हिवाळ्यात ते भलंमोठं गाठोडं घेऊन आले. म्हणाले, बाह्या कशाही करा, चालतील. आणि हा कोट कुणाला तरी देऊन टाका, मला आता लागणार नाही. बाहेर दात वाजवणारी थंडी होती.

काकूंनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. गिऱ्हाईक समोर असताना त्यांनी असं कधीच केलं नव्हतं.

"बिनतारी, जीव द्यायचा विचार चाललाय का?"

पेपर वाचत बसलेले दीर दचकले. "वहिनी, असं तोंडावर विचारतात का कुणी? नसेल तर सुचेल त्यांना."

"न विचारून एक गेला, भावोजी. सुचायचं असलं की ते आपली वाट बघत नाही."

बिनतारी कोटाच्या गुंडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "चाललाय. बरेच दिवस."

"बरं झालं बोललात. घरात बंदूक आहे?"

होती, परवान्याची. बाक उठला. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला बिनतारींबरोबर कोण कोण गेलं, तर त्यात सगळ्यात पुढे दीर. मुक्कामाला कोण थांबणार यावर वाद झाला. फौजेतला स्वयंपाकी जिंकला, कारण त्याच्या घोरण्यात कुणालाही एकटं वाटणं शक्य नाही. बिनतारी चिडले, मी काय तान्हं बाळ आहे? काकू म्हणाल्या, असता तर सोपं होतं, मांडीवर घेऊन थोपटलं असतं.

सकाळी अख्खा बाक मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आत एकच नातेवाईक. काकू म्हणाल्या, मी वहिनी. स्वयंपाकी म्हणाला, मी मावशी. बाईंनी हात टेकले आणि दोघांनाही आत सोडलं.

डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं. काकूंनी तोंड उघडलं, तोच बिनतारींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी सांगतो, वहिनी." मग डॉक्टरांकडे वळून, "मला मरावंसं वाटतं. ते वाटणं मला नकोय. म्हणून ही वरात घेऊन आलोय."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. काकू स्वयंपाक्याला दंडाला धरून बाहेर आल्या आणि बाकाला म्हणाल्या, वेळ लागेल, कुणी हलायचं नाही.

कुणी हललं नाही.