एकाच ढिगात दोन नणंदा

ऑफिसात तिला सगळे ढीगवाली म्हणायचे. कंपनी लोकांच्या फोटोंचे अल्बम करून द्यायची. गिऱ्हाइकं फोटो पोत्यानं पाठवायची, कोण कुठला काही पत्ता नाही. त्यातून एकेका चेहऱ्याचा वेगळा ढीग यंत्राकडून करून घ्यायचा, हे तिचं काम.

ही विद्या तशी तिच्या घरचीच. वडील शिंपी. बटणं निवडायला बसवली की आज ती रंगावरून ढीग करायची आणि उद्या मुद्दाम भोकांवरून. वडील ओरडायचे, "अगं, शर्टाची बटणं कुठायत?" "सगळ्याच ढिगांत आहेत, बाबा!" मग वडिलांनाच हसू फुटायचं आणि धपाटा वाचायचा. काडी टाकून गंमत बघायची खोड तेव्हापासूनची.

सासरी तर वाळलं गवत आयतंच होतं. थोरल्या वन्सं आणि धाकट्या वन्सं, या दोन नणंदांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. कुणीतरी पाहुणा एकदा बोलून गेला, "आईचं नाक घेतलं ते धाकटीनंच," आणि थोरलीच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या कायमच्या. एका खोलीत असल्या तरी निरोप भावामार्फत जायचा.

"तिला सांग, चहा निवतोय."

"तिला सांग, मला डोळे आहेत."

भाऊ म्हणजे ढीगवालीचा नवरा. बिचारा मधल्या खुर्चीत बसून टपालखातं चालवायचा.

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला अल्बम करायचा ठरलं आणि ढीगवालीनं घरातले जुने-नवे सगळे फोटो लॅपटॉपवरच्या यंत्रात घातले. या यंत्राला ढीग किती हवेत ते आधीच सांगावं लागे. मग ते तितके म्होरके वाटेल तिथे उभे करी. प्रत्येक फोटो आपल्याशी जास्तीत जास्त जुळणाऱ्या म्होरक्याकडे जाई, म्होरक्या सरकून आपल्या टोळीच्या मधोमध येई, की पुन्हा वाटणी. कुणी जागचं हलेनासं झालं की काम संपलं. तिनं घरातली माणसं मोजली, तेवढा आकडा दिला आणि निकाल बघून खुर्चीतच लोळली. नवऱ्याचे दोन ढीग झाले होते, एक मिशीवाला, एक बिनमिशीचा. आणि दोन्ही नणंदा एकाच ढिगात!

"आकडा एकानं वाढवला की होतील वेगळ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग वाढव की."

"वाढवते हं," असं म्हणून तिनं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही नणंदा आणि नवरा सासूबाईंच्या खोलीत चहाला जमले, तेव्हा तिनं तो ढीग तसाच उघडला आणि चेहरा शक्य तितका भोळा करून विचारलं, "वन्सं, या ढिगाला नाव कुणाचं देऊ?"

"माझं," दोघी एकदमच म्हणाल्या.

"तिला सांग, हा सायकलवरचा फोटो माझा आहे," थोरली भावाला म्हणाली.

भावानं निरोप पोचवायच्या आत धाकटी उसळली. "तुझा? गुडघ्याला पट्टी दिसत नाही? तूच ढकललं होतंस मला!"

"मी ढकललं? ब्रेक सोडून दोन्ही हातांनी टाटा कोण करत होतं?"

भावानं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आपली नोकरी गेली हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या दोघींच्या अजून आलं नव्हतं. चहा गार झाला. कुठल्या फोटोत कुणाचा दात पडला होता, कुणाचा फ्रॉक कुणी पळवला होता, सगळ्याचा पंचनामा झाला. शेवटी एका फोटोवर दोघी हटूनच बसल्या. दोन वेण्या, वाकडी मान, उन्हानं बारीक झालेले डोळे. सोडायला कुणीच तयार नाही.

सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "वेड्यांनो, ती मी आहे."

थोरलीनं फोटोतलं नाक पाहिलं, मग धाकटीचं पाहिलं आणि हळूच स्वतःचं चाचपलं. धाकटी फिस्सकन हसली. थोरलीनं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तिला ठसकाच लागला.

त्या गोंधळात नवऱ्याला सत्य बोलायची अवदसा आठवली. "आकडा वाढवला असता तर भांडणच नव्हतं. ही कालच म्हणाली होती."

दोन सारखी नाकं सावकाश ढीगवालीकडे वळली.

"म्हणजे हे मुद्दाम केलंस?" थोरली म्हणाली.

"वन्सं, यंत्रच ते..."

"हो का? आता हिचा ढीग काढ गं," थोरली धाकटीला म्हणाली. भांडणाखेरीज सरळ तिच्याशी, तेही किती वर्षांनी!

ढीगवालीचे फोटो दोघींनी मिळून, डोकं लावून निवडले. शिंकतानाचा, जांभई देतानाचा, तोंडात घास कोंबलेला, एका डोळ्यानं झोपलेला. बाकीचे बाद. अल्बम छापून आला तेव्हा तिची दोन अख्खी पानं भरली होती. सासूबाई आल्यागेल्याला तीच पानं आधी उघडून दाखवू लागल्या.

नणंदांचं म्हणाल तर अबोला सुटला आणि भांडण सुरू झालं. फोनवर तासन्‌तास चालतं. नवरा निवांत असतो. फोन आपटल्यावर मात्र दोघी पाळीपाळीनं ढीगवालीला लावतात आणि चूक कुणाची ते विचारतात. ती दोघींना सांगते, "वन्सं, तुमचंच बरोबर आहे."