परिषदेचं तिकीट

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मी भिंगारच्या पोस्टात खिडकीवर बसत होते. दिल्लीत जगभरच्या खासदारांची परिषद भरली, तिच्या स्मरणार्थ निघालेलं तिकीट आमच्याकडे आलं. गिऱ्हाइकांना ते नको असायचं. "बाई, नेहमीचं द्या, हे चालंल का न्हाई कुणाला ठाव," म्हणायची. घरी पत्र धाडताना मी मात्र मुद्दाम तेच लावलं.

घर पारनेर तालुक्यात. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तेव्हा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. आमच्या बौद्धवस्तीतून राखीव जागेवर निवडून आलेले. निवडून आल्यावर त्यांनी पांढरा सदरा शिवून घेतला होता. तो फक्त मासिक सभेला घालायचे.

पुढच्या सुट्टीला गेले, तर दादा ते पाकीट घेऊनच समोर बसले.

"हे कशाचं गं तिकीट?"

देशोदेशीचे निवडून आलेले लोक दिल्लीत एकत्र बसले, त्याचं, असं मी सांगितलं.

"समद्यांना खुर्च्या असत्यान?"

मला हसू आलं. "असणारच की, दादा."

ते हसले नाहीत. चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "त्यान्ला ईचार, ते सभेला कुठं बसत्यात."

दादांनी मान खाली घातली. मग आईनेच सांगितलं. बाकीचे सदस्य टेबलाभोवती बसत आणि दादा दाराशी, पोत्यावर. खुर्च्या कमी हायेत, असं सरपंच दरवेळी म्हणत. इतके दिवस मला हे कुणी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभा होती. दादांनी सदरा घातला, घरातली एकुलती एक घडीची लोखंडी खुर्ची खांद्यावर घेतली आणि निघाले. मी मागोमाग गेले, पंचायतीच्या कचेरीच्या दाराबाहेर थांबले. त्यांनी खुर्ची टेबलाशी नेऊन उघडली आणि बसले.

"अहो, घरनं कशाला आणली?" सरपंच गोड आवाजात म्हणाले. "सांगायचं, आमी दिली असती."

"सांगत हुतो की," दादा म्हणाले.

मग त्यांनी वस्तीच्या नळाचा विषय काढला. बायका विहिरीवरून पाणी आणतात, पाइप शाळेपर्यंत आलाच आहे, तो पुढे न्या. कुणी विरोध केला नाही. "बगू," एवढंच सरपंच म्हणाले. परतताना दादा सारखे बोलत होते. इतके बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी खुशीत भिंगारला आले.

दिवाळीत गेले तेव्हा पुढचं कळलं. कचेरीचं छप्पर गळतंय म्हणून सभा सरपंचांच्या घरी होऊ लागल्या होत्या. दादा पहिल्यांदा गेले, तर फाटकातच एकाने सांगितलं, "आत्ताच उरकली सभा." पुढच्या वेळीही तेच. नंतर त्यांनी जाणं सोडलं. पाइप शाळेपासून वळवून दुसऱ्या वाडीला नेला.

"आपण तहसीलला अर्ज देऊ," मी म्हणाले.

"नगं बाई. बसाया जागा देतील. म्हणनं कोण ऐकंल?"

आई ताटं वाढत होती. दादा अर्धी भाकरी ठेवून उठले.

दादांची मुदत संपली. पुढच्या निवडणुकीत वस्तीतला एक तरुण उभा राहिला. पाया पडायला आला, तेव्हा दादांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मतदानाच्या दिवशी मात्र ते सकाळीच शेताकडे निघून गेले. आईने बांधापर्यंत जाऊन हाका मारल्या. ते खुरपत राहिले. मत द्यायला ते पुन्हा कधीच गेले नाहीत.